फेरबदल यंत्राचे, कर गुंतवणूकदाराचा

प्रति,
अध्यक्ष, भारतीय प्रतिभूती आणि विनिमय मंडळ (सेबी),
वांद्रे-कुर्ला संकुल, मुंबई

शेअर विकला की कर बसतो, हे सेबीला सांगण्याची गरज नाही. तरीही हा हिशेब मांडावा लागतो आहे. मशीन लर्निंगने शेअर निवडणारे आणि दर महिन्या-तिमाहीला ते बदलणारे पोर्टफोलिओ छोट्या गुंतवणूकदारांना विकले जातात. त्यातला प्रत्येक बदल त्या माणसाला किती रुपयांना पडला, हे मात्र त्याच्यापुढे कोणी ठेवत नाही.

समजा, एका शिक्षिकेच्या डीमॅट खात्यात 10 लाखांचे शेअर आहेत. त्यांचे उत्पन्न करपात्र आहे, दुसरा भांडवली नफा नाही. वर्षात 15 टक्के, म्हणजे दीड लाख नफा झाला. मॉडेल दर तिमाहीला सगळी यादी बदलत असेल, तर एकही शेअर बारा महिने टिकत नाही. 23 जुलै 2024 पासून अल्पमुदतीच्या नफ्यावरचा कर 15 वरून 20 टक्क्यांवर गेला. म्हणजे 30,000 रुपये, 4 टक्के उपकर धरून 31,200. हाच दीड लाख वर्षापेक्षा जास्त काळ ठेवलेले शेअर एकदाच विकून मिळाला असता, तर सव्वा लाखाची सूट जाऊन उरलेल्या 25,000 वर साडेबारा टक्के, उपकरासह 3,250 रुपये कर पडला असता. विकलेच नसते तर त्या वर्षी काहीच नाही.

शिवाय चारदा 10 लाखांची विक्री, चारदा तेवढीच खरेदी. दोन्हींवर 0.1 टक्के रोखे व्यवहार कर (एसटीटी), सुमारे 8,000 रुपये. खरेदीवर 0.015 टक्के मुद्रांक शुल्क, 600 रुपये. दलाली, डीमॅट खाते सांभाळणाऱ्या संस्थेचे (डीपी) शुल्क आणि सल्ल्याची फी तर अजून धरलेलीच नाही. दीड लाखातले सुमारे 39,800 गेले. कागदावरचे 15 टक्के हातात येईपर्यंत 11 झाले. यादी अर्धीच बदलली तर आकडा लहान होईल, पण तो किती हे कळण्याचा हक्क त्या शिक्षिकेला आहेच.

हेच मॉडेल म्युच्युअल फंडाच्या आत चालले, तर फंडाने केलेल्या खरेदी-विक्रीवर युनिटधारकाला भांडवली नफ्याचा कर लागत नाही. तो युनिट विकतानाच लागतो. एकच मॉडेल, एकच यादी आणि दोन वेगळे परतावे. हा फरक विकत घेण्याआधी कळायला हवा.

मॉडेल एवढी उलथापालथ का करते? पंधरा वर्षांचे मासिक परतावे म्हणजे एका शेअरमागे फक्त 180 आकडे, आणि त्यात बातम्यांचा, अफवांचा, योगायोगाचा गोंगाट. अपेक्षित परताव्याचा अंदाज किंचित हलला तरी वाटप मोठे हलते. डिमिगेल, गार्लापी आणि उप्पल यांनी 2009 मध्ये पैशाचे वाटप ठरवणाऱ्या चौदा मॉडेलांची तुलना सरसकट समान वाटपाशी केली. एकही मॉडेल सातत्याने पुढे राहिले नाही. अमेरिकी बाजाराच्या आकड्यांवर त्यांनी काढले की 25 मालमत्तांसाठी, परतावा आणि जोखीम तोलून वाटप ठरवणाऱ्या मार्कोविट्झ पद्धतीला समान वाटपावर मात करायला सुमारे 3,000 महिन्यांची माहिती लागेल. म्हणजे अडीचशे वर्षे! मशीन लर्निंगची तंत्रे त्यानंतर पुष्कळ पुढे गेली. माहितीची टंचाई मात्र आहे तिथेच आहे.

सल्ला स्वयंचलित असला की खर्च कुठे लपतो, हे अमेरिकेत दिसले आहे. जून 2022 मध्ये तिथल्या बाजार नियामकाने, एसईसीने, चार्ल्स श्वाबच्या रोबो-सल्ला सेवेवर कारवाई केली आणि 18.7 कोटी डॉलरवर तडजोड झाली. ग्राहकांच्या पोर्टफोलिओत रोख ठेवायची आणि त्यातून समूहाच्या बँकेने कमवायचे, याची नीट कल्पना त्यांना दिली नव्हती, असा ठपका होता. सल्ला फुकट म्हणून विकला होता.

आता सेबीबद्दल. 2019 मध्ये आपण परिपत्रके काढून मध्यस्थ आणि म्युच्युअल फंडांकडून एआय-मशीन लर्निंगच्या वापराचे तिमाही अहवाल मागवले. ते कार्यालयात पोचतात, गुंतवणूकदाराच्या हाती पडत नाहीत. फेब्रुवारी 2025 मध्ये यंत्राच्या निर्णयाची जबाबदारी ते वापरणाऱ्या संस्थेवर टाकलीत. हे योग्यच केलेत. एआय वापराबद्दलच्या आपल्या जून 2025 च्या मसुद्यात जोखीम, मर्यादा, मॉडेलची अचूकता आणि शुल्क ग्राहकाला सांगण्याचा मुद्दा आहे. पण सल्लागाराचे शुल्क वेगळे आणि त्याच्या सल्ल्याने ओढवलेला कर वेगळा. तो कोणाच्याच रकान्यात बसत नाही, म्हणून मुकाट्याने ग्राहकाच्या खिशातून जातो.

किमान 50 लाख घेऊन येणाऱ्या पोर्टफोलिओ व्यवस्थापन सेवेच्या (पीएमएस) ग्राहकाला शुल्क आणि खर्च वजा जाता परतावा दाखवा, असे 2020 मध्ये आपणच बजावलेत. मग 50 हजारवाल्याने काय गुन्हा केला? त्याला तर तो खर्च जास्त टोचतो. डीपी शुल्क प्रत्येक शेअरच्या विक्रीमागे ठरावीक असते, पोर्टफोलिओच्या आकाराप्रमाणे घटत नाही.

तेव्हा मागणी एवढीच. फेरबदलाची सूचना मोबाइलवर येईल तेव्हा होकाराच्या बटणाआधी तीन आकडे दिसलेच पाहिजेत: या विक्रीने अंदाजे किती कर ओढवेल, व्यवहाराचा एकूण खर्च किती, आणि वर्षभरात आतापर्यंत अशा बदलांवर किती गेले. खरेदीची तारीख आणि किंमत डीमॅट-दलालाच्या नोंदीत असतेच. सोबत गेल्या तीन वर्षांचा खर्च आणि कर वजा जाता परतावा, निफ्टी 50 च्या इंडेक्स फंडाशेजारी छापून. 2019 पासूनच्या अहवालांचा एकत्रित गोषवाराही, संस्थांची नावे वगळून का होईना, सेबीने प्रसिद्ध करावा.