पावती मागणे म्हणजे अविश्वास नव्हे

दोन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. इफ्तार आटोपून मी चहाचा कप घेऊन बसले होते. तरावीहच्या नमाजला निघालेल्या मंडळींची गल्लीत लगबग सुरू होती. तेवढ्यात नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक निरोप आला. नाकातोंडात नळ्या लावलेल्या लहान मुलाचा फोटो, ‘सोलापूरचा अनाथ मुलगा, उद्या ऑपरेशन, जकात चालेल’ असा मजकूर आणि खाली क्यूआर कोड. पाठवणाऱ्या खाला घरातल्याच. मी दोन हजार रुपये पाठवले आणि समाधानाने चहा संपवला.

चार दिवसांनी स्टाफरूममध्ये एका सहकारी मॅडमनी त्यांच्या मोबाइलवर तोच फोटो दाखवला. त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो फिरत होता. मूल तेच, नळ्या त्याच. पण आता ते नागपूरचे होते, त्याचे नाव हिंदू होते आणि ‘जकात चालेल’च्या जागी ‘पुण्य लागेल’ असे लिहिले होते. खालांना फोन केला, तर त्यांना तो निरोप मैत्रिणीकडून आलेला. मैत्रिणीला कोणाकडून आला, ते तिला आठवेना. मॅडम म्हणाल्या, “अहो, विश्वास तर पानिपतात गेला!” आम्ही दोघी हसलो, पण मला माझीच लाज वाटत होती. ‘आधी स्रोत तपासा’ हे विद्यार्थ्यांना वर्षभर ऐकवणारी मी, पैसे पाठवताना एक साधा प्रश्नही विचारला नव्हता.

का विचारला नाही, याचा विचार केला तेव्हा उत्तर एकच मिळाले. संकोच. रमजानमध्ये मागणाऱ्याला प्रश्न विचारणे बरे दिसत नाही, असे आपल्याला वाटते. फसवणारे नेमके याच संकोचावर पोट भरतात. लोभी माणूस फसतो, असे आपण सहज म्हणून जातो. पण सणासुदीला फसतात ती बहुतेक भली माणसे, आणि ती त्यांच्या चांगुलपणाच्या वाटेनेच फसतात.

रमजानमध्येच हे का वाढते, हे समजण्यासाठी जकातीची रीत थोडक्यात सांगायला हवी. ज्याच्याकडे गरजा भागून साडेसात तोळे सोने (87.48 ग्रॅम) किंवा साडेबावन्न तोळे चांदी (612.36 ग्रॅम) यांच्या किमतीइतकी शिल्लक चांद्रवर्षभर राहते, त्याने तिच्यातला 2.5 टक्के हिस्सा गरजूंना द्यायचा असतो. वर्ष कोणत्याही महिन्यात पूर्ण होऊ शकते. पण या महिन्यात सत्कर्माचे पुण्य अधिक मानले जाते, म्हणून बहुतेक कुटुंबे हिशेब रमजानमध्येच करतात. ईदच्या नमाजपूर्वी माणशी ‘फितरा’ द्यायचा असतो, तो वेगळा. म्हणजे वर्षभराचे दान तीस दिवसांत हलते, त्यातलेही बरेचसे शेवटच्या दहा दिवसांत. हातात पैसा आहे, तो वेळेत द्यायची घाई आहे आणि विचारायचा संकोच आहे. दिवाळीत बोनसचे पैसे आल्यावर हिंदू शेजाऱ्यांच्या घरीही जवळजवळ हीच स्थिती असते.

पूर्वी मागणारा दारात यायचा. मदरशाचा प्रतिनिधी पावतीपुस्तक घेऊन यायचा, दोन शब्द बोलायचा, पुढच्या वर्षी पुन्हा यायचा. आता दाराची जागा क्यूआर कोडने घेतली आहे. 2023 च्या रमजानमध्ये इंडोनेशियाची राजधानी जकार्तामध्ये एका माणसाने तीसहून अधिक ठिकाणी, त्यांतही मुख्यतः मशिदींत, दानपेट्यांवरच्या कोडवर स्वतःचे स्टिकर चिकटवले. खात्याला नाव दिले होते ‘मशीद जीर्णोद्धार’ अशा अर्थाचे. पैसे देणाऱ्याला शंका येण्याचे कारणच नव्हते. सीसीटीव्हीत तो दिसला आणि पकडला गेला. हे दूर देशात घडले असे म्हणण्याची सोय नाही. जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या खजुराहोत रातोरात दुकानांबाहेरचे कोड असेच बदलले गेले होते. पैसे देताना मोबाइलवर वेगळेच नाव दिसते आहे, हे ग्राहकांनी बोलून दाखवल्यावर दुकानदारांच्या लक्षात आले.

यातला धडा सोपा आहे. कोड स्कॅन केल्यावर, पिन टाकण्याआधी समोर नाव येते. ते वाचायचे आणि मोठ्याने वाचायचे. मशिदीच्या दानाला एखाद्या व्यक्तीचे नाव दिसले, तर हात थांबवून ट्रस्टच्या माणसाला विचारायचे. आणि नाव संस्थेचे वाटले तरी जकार्ता आठवायचे. नोंदणीकृत ट्रस्टचे खाते नेमक्या कोणत्या नावाने आहे, हे आधीच ठाऊक असायला हवे. यात विश्वस्तांचीही जबाबदारी आहे. कोड उघड्यावर न लावता काचेच्या आत लावावा, दर जुम्याला कुणीतरी स्वतः रुपया पाठवून पाहावा आणि खात्याचे नाव फलकावर ठळक लिहावे. गणेश मंडळांनी आणि देवस्थानांनीही हे करायला हरकत नाही.

दोन हजारांची ठेच सोसता येते. खरी वाताहत होते ती आयुष्यभराच्या पुंजीची. इस्लाममध्ये व्याज निषिद्ध आहे. त्यामुळे अनेक कुटुंबे बँकेतल्या मुदत ठेवीपासून दूर राहतात आणि ‘हलाल गुंतवणूक’ शोधतात. या प्रामाणिक शोधाचा गैरफायदा कसा घेतला जातो, हे बेंगळुरूच्या ‘आयएमए’ने दाखवून दिले. या कंपनीने लोकांना ठेवीदार न म्हणता भागीदार म्हटले, दरमहा नफा वाटला, एक सरकारी शाळा दत्तक घेऊन तिचे रूप पालटले. लोकांनी शाळा पाहिली आणि पैसे ठेवले. जून 2019 मध्ये ईदनिमित्त कार्यालय बंद राहील, अशी सूचना लागली. सुटी संपली, पण दार उघडले नाही. कंपनीच्या प्रमुखाने दुबई गाठली होती. जुलैमध्ये त्याला दिल्ली विमानतळावर अटक झाली. तोवर तक्रारींचा आकडा हजारोंवर गेला होता. त्यात मुलीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे होते, निवृत्तीचे होते, विकलेल्या दागिन्यांचे होते. त्याच्या आदल्याच वर्षी हैदराबादच्या ‘हीरा गोल्ड’ प्रकरणातही व्याजमुक्त कमाईच्या नावाखाली पैसे गोळा केल्याचे आरोप झाले होते.

मला यात सर्वांत खटकते ती गोष्ट धर्माचीच आहे. इस्लामी व्यवहारशास्त्रात ‘मुदारबा’ म्हणून भागीदारीची रीत आहे. एकाचे भांडवल, दुसऱ्याची मेहनत. नफा ठरलेल्या प्रमाणात वाटायचा आणि धंद्यात तोटा आला, तर तो भांडवलवाल्याने सोसायचा. भांडवलावर ठरावीक रकमेची हमी दिली की ती भागीदारी उरत नाही. म्हणजे ‘दरमहा इतके मिळणारच, मुद्दलाला धक्का नाही आणि सगळे हलाल’ असे कुणी म्हणाला, तर तो कायद्यात बसतो की नाही हे नंतर पाहू. आधी तो शरियतच्या मापातच नापास होतो. गुंतवणूकदाराने विचारायचा प्रश्न ‘नफा किती?’ हा नाही. ‘मागे तोटा कधी झाला आणि तो कुणी सोसला?’ असे विचारावे. खरा व्यापारी याचे उत्तर देतो. दुसरा चिडतो किंवा एखाद्या मोठ्या आलिमचे नाव पुढे करतो.

हा एका समाजाचा दोष आहे, असे कुणी समजू नये. जानेवारी 2025 मध्ये मुंबईत दादरच्या ‘टोरेस’ दुकानासमोर रडणाऱ्या गर्दीत सर्व धर्मांचे लोक होते. तिथे हलालचा प्रश्नच नव्हता. चकचकीत खडे आणि दर आठवड्याला परतावा एवढ्यावर काम भागले. भाजीवाल्याचा शेजारी गुंतवतो, त्याला चार आठवडे पैसे मिळतात, मग भाजीवालाही गुंतवतो. साखळी ओळखीनेच वाढते. कुणीही ठेवी मागत असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या ‘सचेत’ या संकेतस्थळावर त्याला तशी परवानगी आहे का, हे पाहता येते. 2019 चा अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा आहे. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राचा 1999 चा कायदाही आहे आणि त्याखाली मालमत्ता जप्त होते. पण जप्तीपासून ठेवीदाराच्या हातात पैसे पडेपर्यंत वर्षे जातात.

उमराहच्या बाबतीतही असेच. हजसाठी हज कमिटी आहे, सरकारकडे नोंदलेल्या खासगी संस्थांची यादी आहे. उमराहची वारी मात्र बहुतांशी खासगी एजंटांच्या हाती असते. रमजानमधल्या उमराहला मागणी मोठी आणि दर चढे. अशा वेळी कुणी निम्म्या पैशांत नेतो म्हणाला, तर बाकीचे निम्मे कोण भरणार, असा प्रश्न पडायला हवा. पैसे एजंटाच्या खासगी खात्यात न देता फर्मच्या खात्यात द्यावेत. तिकिटाचा क्रमांक विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर टाकून पाहावा. व्हिसावरचा पासपोर्ट क्रमांक स्वतः ताडून घ्यावा. हॉटेलचे नाव पावतीवर लिहून घ्यावे. “अल्लाहच्या घरी जायचे आणि कागद कसले मागता?” असे म्हणणाऱ्या एजंटाकडे तर मुळीच जाऊ नये.

काही नुकसान मात्र कुणी न फसवताही होते. ईदच्या खरेदीत चपलांपासून पडद्यांपर्यंत सगळे नवे हवे असते, आणि आता ‘आत्ता घ्या, नंतर द्या’ची सोय मोबाइलवरच आहे. बँकेच्या ठेवीवरचे व्याज नको म्हणणारी घरे क्रेडिट कार्डाची थकबाकी पुढच्या महिन्यावर ढकलतात, तेव्हा महिन्याला तीन ते पावणेचार टक्के, म्हणजे वर्षाला चाळीसच्या आसपास व्याज भरत असतात. घेतले ते निषिद्ध, दिले तेही निषिद्धच. त्यात हे तर आपल्याच खिशातून जाणारे. झटपट कर्ज देणारी बेकायदा अॅप त्याहून वाईट. ती मोबाइलमधले सगळे नंबर आणि फोटो उचलतात आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना फोन करून अब्रूवर येतात. जुन्या जोड्याला इस्त्री करून ईदगाहवर गेलेल्या माणसाची ईद कमी होत नाही.

चार गोष्टी घरातल्या मोठ्यांना आणि मुलांना आजच सांगून ठेवाव्यात. पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. जो मागतो, तो आपले पैसे नेत असतो. लग्नपत्रिकेच्या किंवा ईदच्या शुभेच्छांच्या नावाने एपीके फाइल आली, तर ती उघडू नये. ते शुभेच्छापत्र नसून आपल्या मोबाइलमध्ये शिरणारे अॅप असते. ‘डिजिटल अटक’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओ कॉलवर गणवेशात कुणी दिसला, तर फोन बंद करावा. आणि पैसे गेलेच, तर 1930 या राष्ट्रीय क्रमांकावर लगेच फोन करावा. रक्कम, वेळ, बँक आणि व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवावा. चोरलेला पैसा एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतो. जिथे तो अजून पोहोचायचा आहे किंवा पडून आहे, तिथे गोठवता येतो. तास गेले की तो निसटतो.

इथेच संकोच पुन्हा आडवा येतो. आमच्या गल्लीतल्या एका चाचींचे अठरा हजार गेले. ईदसाठी मुलाने परदेशातून पाठवलेले पैसे. त्यांनी सहा दिवस कुणाला सांगितले नाही. सून काय म्हणेल, मुलगा रागावेल, या भीतीने त्या सहेरीला उठून एकट्याच रडत होत्या. सातव्या दिवशी 1930 ला फोन केला, तेव्हा खाते रिकामे झालेले होते. घरात कुणी फसले, तर पहिला शब्द ‘तुला कळत कसे नाही?’ हा नसावा. पहिल्यांदा फोन लावावा. रागवायला पुढे वेळ आहेच.

कुरआनातली सर्वांत लांब आयत कशाबद्दल आहे, असे मी कधीकधी वर्गात विचारते. मुस्लीम मुले नमाज म्हणतात, रोजा म्हणतात, कुणी जन्नत म्हणते. ती आहे सूरह बकरातली 282 वी आयत, उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याबद्दलची. लिहिणाऱ्याने न्यायाने लिहावे, साक्षीदार घ्यावेत, रक्कम लहान असो की मोठी, लिहायचा कंटाळा करू नये, असा तिचा आशय आहे. म्हणजे कागद मागणे धर्माला कमीपणाचे वाटत नाही, आपल्यालाच वाटते.

माझ्या अम्मीला हे माझ्याआधी कळले होते. तिच्या कपाटात जकातीची वही आहे. कुणाला, किती, कोणाच्या ओळखीने, सगळे उर्दूत लिहिलेले. ती ओळखीच्याच घरी द्यायची, आणि ते घर मुसलमानाचे की दुसऱ्या कुणाचे, याची सदक्याच्या पैशांत तिने कधी चौकशी केली नाही. पण घरात चूल खरोखर बंद आहे की नाही, हे स्वतः जाऊन पाहायची. परवा मी तिला माझ्या दोन हजारांची हकिगत सांगितली. ती रागावली नाही. वही पुढे सरकवली आणि म्हणाली, “लिख इसमें. किसको दिया?”

मी तारीख लिहिली, रक्कम लिहिली. नावाचा रकाना कोराच राहिला.