पाणी तेच, पण घाण नव्हे



फिरत्या पाण्यातील मत्स्यपालन म्हणजे ‘घाण पाण्यातले मासे’, हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे म्हणणे पटले नाही. यात टाकीतले पाणी गाळून पुन्हा टाकीतच सोडतात. टाकीतून निघालेल्या पाण्यातली विष्ठा आणि उरलेले खाद्य आधी ड्रम फिल्टरची बारीक जाळी अडवते. खरे काम पुढे, जैविक गाळणीत होते. तिथल्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर बुळबुळीत थर धरतो. त्यातले जिवाणू माशांना मारक अमोनियाचे आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच अंशी निर्धोक नायट्रेट करतात. हा थर बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता मत्स्यबीज सोडले की मासे मरतात आणि बोल तंत्राला लागतो. अधूनमधून टाकीतून बदलून काढलेले थोडेसे पाणी पिकाला उपयोगी पडते.

शिरूरच्या पाबळ-केंदूरसारख्या पाणीटंचाईच्या भागात तेच पाणी पुन्हा वापरणाऱ्या या पद्धतीचे मोल मोठे आहे. दौंडमध्ये खानोट्याकडे उजनी धरणाचा फुगवटा आणि त्यातले चिलापी मासे असताना मात्र हा खर्च कशाला?

खरी अडचण विजेची. पंप थांबला की दाटीने वाढवलेले मासे अर्ध्या तासातही गुदमरू शकतात. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत (२०२०) अशा प्रकल्पांसाठी सर्वसाधारण गटाला ४०, तर महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. अर्ज करणाऱ्यांनी जनरेटरचा खर्च आधी धरावा, ही विनंती.

– एक मत्स्यपालक, ता. शिरूर