विज्ञान बैठकीला बसते तेव्हा

दरवर्षी २८ फेब्रुवारीला आपल्याकडे राष्ट्रीय विज्ञान दिन साजरा होतो. शाळाशाळांतून निबंधस्पर्धा होतात, ज्वालामुखीच्या प्रतिकृती मांडल्या जातात, पाहुण्यांचे भाषण होते आणि आभारप्रदर्शनानंतर सगळे घरी जातात. चंद्रशेखर वेंकट रामन यांचा १९२८ सालचा प्रकाशाविषयीचा शोध हे या दिवसाचे निमित्त. तो शोध आठवीतल्या मुलाला समजावून सांगणे सोपे नाही. पण याच रामनांनी आणखी एका गोष्टीवर मन लावून काम केले होते आणि ती गोष्ट त्या सभागृहातच असते. ती म्हणजे तबला. स्वागतगीतापुरता तो वाजतो. भाषण सुरू व्हायच्या आत तबलजी उठून मागे जातो. विज्ञान एका बाजूला आणि संगीत दुसऱ्या बाजूला, ही वाटणी आपण इतकी गृहीत धरली आहे की त्या दोघांची गाठ घालून द्यावी असे कोणाच्या मनातही येत नाही.

रामन १९०७ साली सरकारी वित्तखात्यात कलकत्त्याला रुजू झाले. दिवसा कचेरीत हिशेबाचे कागद तपासायचे आणि सकाळ-संध्याकाळ बहूबाजारातल्या विज्ञानसंस्थेच्या प्रयोगशाळेत तारा, सतार, व्हायोलिन यांचे आवाज मोजायचे, असा त्यांचा दहा वर्षांचा क्रम होता. आयुष्य बँकेच्या खातेवह्यांत घालवलेल्या माझ्यासारख्याला हा भाग विशेष जवळचा वाटतो. १९२० साली त्यांनी एका सहकाऱ्यासह ‘नेचर’ या नियतकालिकात भारतीय तालवाद्यांवर एक टिपण लिहिले आणि १९३४ साली तोच विषय सविस्तर मांडला.

त्यांचा प्रश्न साधा होता. ढोलासारख्या वाद्यावर थाप मारली की आवाज होतो, पण सूर लागत नाही. मग तबला आणि मृदंग सुरात कसे बोलतात? नुसत्या ताणलेल्या कातड्यातून मूळ स्वराबरोबर जे वरचे स्वर निघतात ते त्याच्या १.५९ पट, २.१४ पट अशा वाकड्यातिकड्या हिशेबाने येतात. कानाला तो गोंगाट वाटतो. आपल्या कारागिरांनी पुडीच्या मध्यावर शाईचे थर चढवले, कडेला चाट ठेवली, आणि हेच स्वर दुप्पट, तिप्पट, चौपट अशा सरळ प्रमाणात आणून बसवले. रामनांनी कातड्यावर बारीक वाळू पसरून थाप मारली तेव्हा जिथे कातडे हलत नव्हते त्या रेषांवर वाळू गोळा झाली आणि नादाची नक्षी डोळ्यांना दिसली. तबला बनवणाऱ्या कारागिराने समीकरण सोडवले नव्हते. त्याने पिढ्यान्‌पिढ्या कानाने ऐकून शाई घोटली होती. त्याचा कान बरोबर होता, हे विज्ञानाने पुढे सांगितले.

आता कल्पना करा, हीच गोष्ट कोणी पंधरा मिनिटांत सांगितली, वाळूचा प्रयोग दाखवला आणि लगेच त्याच तबल्यावर अर्धा तास एकल वादन झाले, तर? परदेशात असे कार्यक्रम आता नवलाचे राहिलेले नाहीत. २००५ हे आइन्स्टाइनच्या गाजलेल्या संशोधनाचे शताब्दीवर्ष होते. त्या निमित्ताने ऑक्सफर्डचे भौतिकशास्त्रज्ञ ब्रायन फॉस्टर आणि व्हायोलिनवादक जॅक लीबेक यांनी भाषण आणि वादन एकत्र गुंफलेले प्रयोग सुरू केले. आइन्स्टाइन स्वतः व्हायोलिन वाजवत असे आणि मोझार्ट त्याच्या विशेष आवडीचा, तेव्हा धागा ओढूनताणून आणावा लागला नाही. फॉस्टर स्वतःही हौसेने व्हायोलिन वाजवतात. २००८ साली या दोघांनी ऑक्सफर्डमध्ये एक संगीतमहोत्सवच सुरू केला आणि त्यात वादनाच्या जोडीला विज्ञानाची व्याख्याने ठेवली.

या कार्यक्रमांत जे वाजते त्याला तिकडे ‘चेंबर म्युझिक’ म्हणतात. नावाने बिचकायचे कारण नाही. शे-दीडशे वादकांचा ताफा नाही, समोर काठी हलवणारा संचालक नाही. दोन व्हायोलिन, एक व्हिओला आणि एक चेलो, एवढ्यावर दिवाणखान्यात रंगणारे संगीत. थोडक्यात, आपली बैठक. बैठकीत वादकाचे बोट दिसते, श्वास ऐकू येतो आणि ऐकणारा हात लांब केला तर वाद्याला लागेल इतका जवळ असतो. प्रयोग दाखवायला याहून चांगली जागा कोणती? शास्त्राचे प्रात्यक्षिक आणि गाण्याची बैठक, दोघांनाही थोडे आणि जवळ बसलेले श्रोतेच मानवतात.

ही कल्पना तशी जुनीच आहे. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये १८२८ च्या सुमारास मायकेल फॅरडे नादशास्त्रावर बोलत असे. त्यामागचे संशोधन चार्ल्स व्हीटस्टन या वाद्ये बनवणाऱ्या घराण्यातल्या तरुणाचे होते. व्हीटस्टनला चारचौघांत बोलण्याचा विलक्षण संकोच. म्हणून प्रयोग त्याचे आणि वाणी फॅरडेची, अशी ती जोडी जमली.

बँकेतल्या नोकरीने एक सवय लावली आहे: कोणतीही आकर्षक योजना समोर आली की तारण काय, हे आधी विचारायचे. विज्ञान आणि संगीताच्या या भागीदारीलाही तो प्रश्न विचारला पाहिजे, कारण या नावाखाली फसगतही झालेली आहे. १९९३ साली अमेरिकेत ३६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना दहा मिनिटे मोझार्ट ऐकवून आकारांची कोडी घातली. त्यांचे गुण थोडे वाढले आणि पंधरा मिनिटांत तो परिणाम ओसरला. प्रयोग एवढाच. त्यातून ‘मोझार्ट ऐका, बुद्धिमान व्हा’ असा बाजार उभा राहिला. १९९८ साली जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी तर नवजात बालकांना सरकारी खर्चाने अशा संगीताच्या ध्वनिमुद्रिका वाटण्याचा प्रस्ताव मांडला. लहान मुलांवर तो प्रयोग झालाच नव्हता. पुढच्याच वर्षी अशा अनेक प्रयोगांचा एकत्र ताळा मांडला गेला, तेव्हा तो परिणाम नगण्य ठरला. आपल्याकडेही अमुक राग ऐकला की तमुक रोग बरा, असे सांगणारे थोडे नाहीत. विज्ञानाने संगीताला टॉनिकची बाटली केले, किंवा संगीताने विज्ञानाच्या कडू गोळीवर साखर चढवली, की भागीदारी बुडीत खात्यात गेलीच म्हणून समजा.

मग खरी भागीदारी कशी असते? तिचा उत्तम नमुना आपल्याच मातीतला आहे. कृष्णाजी बल्लाळ देवल हे डेप्युटी कलेक्टरच्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले गृहस्थ. बावीस श्रुती नेमक्या कोठे आहेत हे मोजून दाखवायचे त्यांनी मनावर घेतले आणि १९१० साली इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांच्या बाजूला अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचे सनदी अधिकारी होते, आणि गळा होता साक्षात अब्दुल करीम खाँसाहेबांचा. देवलांनी गणित मांडायचे आणि खाँसाहेबांनी सूर लावून दाखवायचा! बावीस श्रुतींची खास पेटीही तयार झाली.

१९१६ साली बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. तिथे श्रुतींच्या या हिशेबावर खडाजंगी झाली. पं. विष्णु नारायण भातखंडे यांना तो पटला नाही. गाणारा प्रत्यक्षात जे गातो ते या पेटीत बसते का, हा खरा मुद्दा होता. पुढे १९६३ साली जयराजभॉय आणि स्टोन यांनी यंत्राने मोजमाप केले, तेव्हा एकच स्वर वेगवेगळ्या कलावंतांकडे वेगवेगळ्या उंचीवर लागतो असे आढळले. देवलांचे घर हिशेबाला पक्के होते, पण गायक त्यात राहायला तयार नव्हते.

मला या कथेत देवलांचा पराभव दिसत नाही. एका माणसाने दावा केला, तो भर सभेत वाजवून दाखवला आणि जाणकारांच्या कानाने तो तपासला, हेच तर विज्ञान. जिवंत वादनाची किंमत इथे कळते. ध्वनिमुद्रिका व्याख्यात्याला कधीच ‘नाही’ म्हणत नाही. समोर बसलेला कलावंत मात्र म्हणू शकतो, “साहेब, तुमचे गणित ठीक आहे, पण हा कोमल गंधार मी इथे लावत नाही.” ज्या कार्यक्रमात कलावंताला असे म्हणण्याची मुभा असते, तो खरा.

आपल्याकडे याला लागणारी सामग्री तयार आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ पासून काम करते आहे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेने २००९ साली पृथ्वी थिएटरमध्ये रविवारी सकाळी चहाबरोबर विज्ञानगप्पा सुरू केल्या. गावोगावी व्याख्यानमाला आहेत आणि संगीत मंडळेही आहेत. फक्त त्यांच्या सतरंज्या वेगळ्या आहेत. एक घालायला फार खर्च नाही. पथ्ये मात्र पाळावीत. भाषण पंधरा-वीस मिनिटांचे असावे, त्यात एकच प्रश्न घ्यावा, आणि गाणे सुरू झाले की पडद्यावरची चित्रे बंद करून ते पूर्ण होऊ द्यावे. समेवर आलेल्या कलावंताला थांबवून स्पष्टीकरण देणारा विद्वान कोणालाही नको असतो.

हे सारे कशासाठी? उत्तर घराघरांत आहे. पाचवी-सहावीपासून तबला किंवा पेटी शिकणारे मूल दहावीला आले की वाद्य माळ्यावर जाते. “आता सायन्सला जायचंय ना, मग बास झालं,” असे आपण सहज म्हणतो. परीक्षेत शास्त्रीय कलांचे वाढीव गुण मिळतात तेवढे पदरात पाडून घेतो आणि खाते बंद करतो. ज्या देशातल्या पहिल्या विज्ञानातल्या नोबेलविजेत्याने तबल्याच्या शाईत भौतिकशास्त्र पाहिले, तिथे विज्ञानासाठी तबला सोडायला सांगणे हा उलटा व्यवहार आहे. येत्या विज्ञान दिनाला आपापल्या शाळेतल्या तबलजीला भाषणाच्या वेळी मंचावरच बसवून ठेवा, पुडीवर चिमूटभर वाळू टाका आणि मुलांना जवळ बोलवा. त्यांच्यापैकी एकाने जरी संध्याकाळी घरी जाऊन माळ्याकडे बोट दाखवले, तरी स्टूल आणायला आपण उठायला हवे.