पायाचा दर वेगळा ठरवा!

जुन्या लोकांनी गावच्या जमिनीचे दोन भाग केले होते, पांढरी आणि काळी. पांढरीवर घरे बांधायची आणि काळीत पीक घ्यायचे. या वाटणीमागे पिढ्यान्पिढ्यांचा अनुभव होता. आज जतसारख्या तालुक्याच्या गावी रस्त्याकडेच्या शेतांचे गुंठेवारीने तुकडे पडतात आणि काळ्या रानातच घरे व दुकानगाळे उभे राहतात. प्लॉट घेणारा रस्ता, भाव आणि कागदपत्रे पाहतो. खाली माती कोणती, हे मात्र तो विचारत नाही.

जत तालुक्यात जमीन एकसारखी नाही. माळावर हात-दोन हात खणले की मुरूम लागतो आणि त्याखाली काळा पाषाण. ओढ्याकाठी आणि सखल भागात मात्र काळी माती खोलवर असते. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. पाया तिच्यातच ठेवला, तर दरवर्षी जोते वरखाली होते. भिंतींना तिरप्या भेगा पडतात, दारे-खिडक्या अडकतात. मग लोक सिमेंटला आणि मिस्त्रीला दोष देतात.

आमच्या मते खरा दोष काम ठरवण्याच्या पद्धतीत आहे. आपल्याकडे बहुतेक कामे चौरस फुटाच्या दराने अंगावर दिली जातात. पाया त्यातच धरलेला असतो. माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली, तर जादा खोदाई आणि दगडकाम मिस्त्रीच्या खिशातून जाते. मग पाया मुरमापर्यंत न जाता मध्येच थांबतो. पाया बुजल्यावर तो कोणाला दिसत नाही.

म्हणून आमची सूचना सरळ आहे. पायाचा दर वेगळा ठरवावा, आणि खोदाई व भराई मोजून ब्रासवर हिशेब करावा. सौदा होण्याआधी प्लॉटच्या दोन कोपऱ्यांत सहा-सात फुटांचे खड्डे घेऊन मुरूम किती खोल आहे ते मालक आणि मिस्त्री दोघांनी पाहावे. मुरूम हाती लागला तर पाया तिथपर्यंत न्यावा. माती त्याहून खोल असेल तर इंजिनिअरचा सल्ला घ्यावा. अशा जमिनीसाठी रूरकीच्या केंद्रीय भवन संशोधन संस्थेने तळाशी फुगवटा असलेले पाइल विकसित केले आहेत.

गिऱ्हाईक म्हणेल, दुसरा मिस्त्री स्वस्तात करतो. त्याला खड्डा दाखवा. डोळ्यांनी पाहिलेली माती भावाच्या घासाघिशीपेक्षा जास्त पटते. मोजून काम केले की मिस्त्रीला तोटा नाही आणि मालकाची फसवणूक नाही.

संडासाच्या टाकीचेही तसेच आहे. टाकीतून बाहेर पडणारे पाणी शोषखड्ड्यात जिरले पाहिजे. काळ्या मातीत ते जिरत नाही. पावसाळ्यात खड्डा तुंबतो आणि घाण अंगणात येते. उलट भेगाळ खडकात पाणी झटकन नाहीसे होते, पण ते शेजाऱ्याच्या बोअरात उतरू शकते. म्हणून पिण्याच्या पाण्यापासून शोषखड्डा निदान 18 मीटर, म्हणजे साठ फूट, दूर असावा. आधी चाचणी घ्यावी. जागेवर लहान खड्डा खणून रात्रभर पाण्याने भिजवावा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पाणी भरावे. पाणी एक इंच उतरायला अर्ध्या तासाहून अधिक लागला, तर साध्या शोषखड्ड्यावर विसंबू नये. टाकी उपसण्यासाठी सुरक्षा साधनांशिवाय माणूस आत उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे. ते काम यंत्रानेच करून घ्यावे.

आता बाग. म्हैसाळ योजनेचे पाणी जत तालुक्यात आल्यापासून अंगणात झाडे लावण्याची हौस वाढणे साहजिक आहे. पण काळ्या जमिनीत भिंतीला लागून आळे केले, तर एक बाजू कायम ओली आणि दुसरी कोरडी राहते. जोते उचलते ते इथेच. भिंतीभोवती तीन-चार फूट उताराची फरशी घालावी, आळी त्यापलीकडे करावीत. कडुलिंबासारखी मोठी झाडे भिंतीपासून निदान त्यांच्या उंचीइतकी दूर असावीत, कारण त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढून घेतात. डाळिंबाला निचऱ्याची हलकी, मुरमाड जमीन मानवते. पाणी साचणाऱ्या काळ्या जमिनीत त्याची मुळे कुजतात.

व्यापारी बंधूंनो, गाळा घेताना उताऱ्याबरोबर खड्डाही पाहा. मिस्त्री बंधूंनो, अंदाजपत्रकात मातीची खोली स्वतःहून लिहा. आपल्या धंद्यात नाव हेच भांडवल असते, आणि भेगाळलेली भिंत ते नाव रोज येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचून दाखवते.