सभासद की गिऱ्हाईक?

दोन संस्थांचे विलीनीकरण जाहीर होते, तेव्हा त्यासोबत निघणाऱ्या पत्रकाची भाषा मंगलाष्टकांसारखी असते. ऐक्य, सामर्थ्य, उज्ज्वल भवितव्य अशा शब्दांच्या अक्षता पडतात. आणि ज्याच्या नावाने हा सोहळा चालतो, त्या साध्या सभासदाने विचारावयाचा एक प्रश्न त्या गलबल्यात राहून जातो. काल माझ्या हाती जे मत होते, ते उद्या कोणाच्या हाती असेल, हा तो प्रश्न. व्यक्तींनी उभारलेली व्यावसायिक संस्था जेव्हा व्यापारी पेढ्यांच्या संघटनेत विलीन होते, तेव्हा तर तो सर्वांआधी विचारला गेला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. अमेरिकेतील संगणक-व्यावसायिकांच्या एका जुन्या संस्थेचा इतिहास या मताला साक्ष आहे.

१९५१ साली, संगणक हा शब्दही सामान्यांच्या कानी पडला नव्हता अशा काळात, पंचकार्डांच्या यंत्रांवर हिशेब करणाऱ्या मंडळींनी तेथे ‘नॅशनल मशीन अकाउंटंट्स असोसिएशन’ ही राष्ट्रीय संस्था स्थापन केली. यंत्रे बदलली तशी संस्थेची नावेही बदलली. १९६२ मध्ये ती ‘डेटा प्रोसेसिंग मॅनेजमेंट असोसिएशन’ झाली आणि त्याच वर्षी तिने या नव्या व्यवसायातील पात्रतेची परीक्षा सुरू केली. १९६९ मध्ये तिने वर्षातील श्रेष्ठ संगणकतज्ज्ञाचा पहिला सन्मान ग्रेस हॉपर या विदुषीला दिला; सन्मानाचे नाव मात्र ‘मॅन ऑफ द इयर’ असेच होते! १९९६ मध्ये ‘असोसिएशन ऑफ इन्फर्मेशन टेक्नॉलॉजी प्रोफेशनल्स’, अर्थात ‘एआयटीपी’, हे नाव तिने घेतले. सभासद हा व्यक्ती होता, नगरोनगरी शाखा होत्या, आणि सभासदाने पाळावयाची एक आचारसंहिता होती. मालकाशी जशी आपली बांधिलकी आहे तशीच ती सहव्यावसायिकांशी, समाजाशी आणि देशाशीही आहे, असे ती संहिता सांगत होती.

दुसऱ्या पक्षाचे कुळ निराळे. १९८२ मध्ये संगणक विकणाऱ्या व्यापाऱ्यांनी आपली एक संघटना काढली. तीच पुढे ‘कॉम्पटिया’ या नावाने प्रसिद्धीस आली. तिचे सभासद म्हणजे मुख्यतः पेढ्या. १९९३ मध्ये तिने ‘ए प्लस’ ही प्रमाणपत्र-परीक्षा काढली. मागाहून ‘नेटवर्क प्लस’, ‘सिक्युरिटी प्लस’ आल्या. पुण्यामुंबईचे अनेक तरुणही या परीक्षांना बसतात, त्यामुळे हे नाव आपल्याकडे अगदीच परके नाही. २०१७ मध्ये ‘एआयटीपी’ या संघटनेत विलीन झाली.

या निर्णयामागे काही कारणच नव्हते, असे आम्ही म्हणणार नाही. वर्गणीवर चालणाऱ्या संस्थांचे हाल सर्वत्र सारखेच आहेत. जुने सभासद निवृत्त होतात, नवे येत नाहीत, कार्यालयाचा खर्च मात्र वाढतच राहतो. अशा वेळी परीक्षांच्या उत्पन्नावर सुस्थितीत असलेली संघटना आश्रय देऊ करीत असेल, तर तिचा हात झिडकारणे सोपे नसते. सभासदालाही प्रशिक्षणाचे साहित्य मिळते, मोठ्या कार्यालयाचे पाठबळ मिळते. हे लाभ खरे आहेत. परंतु शाळेत समास शिकलेल्या वाचकांना आम्ही एक आठवण देऊ इच्छितो. अशा प्रसंगी द्वंद्व म्हणून सांगितलेला समास पुष्कळदा तत्पुरुष निघतो. एक पद प्रधान ठरते आणि दुसरे त्याच्या आश्रयाला जाते.

याचा प्रत्यय येण्यास फार वर्षे लागली नाहीत. नोव्हेंबर २०२४ मध्ये असे जाहीर झाले की, ‘कॉम्पटिया’ हे नाव आणि तिचा परीक्षा-प्रशिक्षणाचा सारा व्यवसाय थोमा ब्राव्हो आणि एच. आय. जी. कॅपिटल या दोन खासगी गुंतवणूकदार पेढ्या विकत घेणार. जानेवारी २०२५ मध्ये व्यवहार पुरा झाला. मागे राहिलेल्या संघटनेने ‘ग्लोबल टेक्नॉलॉजी इंडस्ट्री असोसिएशन’ असे नवे नाव धारण केले, आणि ती मुख्यतः तंत्रसेवा पुरविणाऱ्या व विकणाऱ्या पेढ्यांची संघटना आहे. यात कोणी बेकायदा वर्तन केले, असे आमचे म्हणणे नाही. पेढ्यांच्या संघटनेने पेढ्यांच्या हिताचा विचार करावा, हा तिचा धर्मच होय. परंतु ज्या व्यक्तींनी सहासष्ट वर्षे एक संस्था सांभाळली, त्यांना आश्रय देणारे घरच आठ वर्षांत असे वाटले गेले. ज्याने आपले मत आधीच दुसऱ्याच्या स्वाधीन केले आहे, त्याने अशा वेळी दाद कोठे मागावयाची?

विलीनीकरण हेच वाईट, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. १९६३ मध्ये अमेरिकेतील विद्युत-अभियंत्यांची आणि रेडिओ-अभियंत्यांची अशा दोन संस्था एकत्र आल्या आणि त्यांतून ‘आयट्रिपलई’ ही जगद्विख्यात संस्था उभी राहिली. तेथे दोन्हीकडचे सभासद व्यक्तीच होते. म्हणून मताचे मोल घटले नाही. व्यक्तीचे आणि पेढीचे हित अनेकदा जुळते, पण नेहमीच जुळत नाही. परदेशी तंत्रज्ञांच्या व्हिसाचाच प्रश्न घ्या. उद्योगांना तात्पुरत्या ‘एच-१बी’ परवान्यांची संख्या वाढवून हवी असते. याच ‘आयट्रिपलई’च्या अमेरिकेतील शाखेने मात्र वर्षानुवर्षे असे प्रतिपादन केले की, कुशल माणसाला मालकाशी बांधून ठेवणाऱ्या परवान्यापेक्षा कायम वास्तव्याचे ग्रीन कार्डच द्यावे. त्या देशात राबणाऱ्या कित्येक मराठी अभियंत्यांच्या जिव्हाळ्याचा हा प्रश्न आहे. व्यक्तींची स्वतंत्र संस्था नसती, तर ही दुसरी बाजू मांडली कोणी असती?

आपल्याकडे सनदी हिशेबनीसांना १९४९ च्या, वकिलांना १९६१ च्या आणि वास्तुविशारदांना १९७२ च्या कायद्याचे कवच आहे. संगणक-व्यावसायिकाला असा कोणताही कायदा नाही. त्याला आधार आहे तो स्वेच्छेने चालविलेल्या संस्थांचा. मुंबईत मुख्य कार्यालय असलेली ‘कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया’ १९६५ मध्ये स्थापन झाली, प्राध्यापक आर. नरसिंहन हे तिचे पहिले अध्यक्ष. कंपन्यांची ‘नॅसकॉम’ ही संघटना त्यानंतर तेवीस वर्षांनी, १९८८ मध्ये निघाली. दोहोंची कार्ये भिन्न आहेत आणि ती भिन्नच राहावीत. कामाचे तास, नोकरी सोडतानाच्या अटी, फावल्या वेळात दुसरे काम करण्याचा २०२२ मध्ये गाजलेला वाद, या प्रश्नांवर मालक आणि नोकर एकाच तोंडाने बोलू शकत नाहीत.

तरीही परिस्थितीच्या रेट्याने एखाद्या व्यावसायिक संस्थेवर असा प्रसंग आलाच, तर सभासदांनी ठरावावर हात वर करण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मागून घ्याव्यात. पहिली, व्यक्ती-सभासदांचे स्वतंत्र, निवडून आलेले मंडळ. दुसरी, संस्थेचे नाव, निधी आणि परीक्षा त्या मंडळाच्या बहुमताशिवाय विकता येणार नाहीत, असे घटनेतील कलम. तिसरी, मूळ संघटनेहून वेगळे मत जाहीरपणे मांडण्याचे स्वातंत्र्य. आणि चौथी, न पटल्यास आपला निधी घेऊन बाहेर पडण्याचा हक्क. या चारही गोष्टी नाकारल्या गेल्या, तर त्या विलीनीकरणाने सभासदाचे गिऱ्हाईक झाले, असे खुशाल समजावे. गिऱ्हाइकाला सवलत मिळते, मत मिळत नाही.

मात्र हा हक्क मागणाऱ्याने आपले कर्तव्यही आठवावे. आपल्या किती संस्थांच्या वार्षिक सभा गणसंख्येअभावी अर्धा तास तहकूब होतात आणि मग त्याच जागी, त्याच दहाबारा डोक्यांनिशी उरकल्या जातात, हे आमच्या सुज्ञ वाचकांना सांगावयास नको. त्या रिकाम्या खुर्च्यांतूनच विलीनीकरणाचे ठराव जन्माला येतात. ज्यांना आपले मत मोलाचे वाटते, त्यांनी ते बजावण्यासाठी वर्षातून एक सायंकाळ तरी काढली पाहिजे.