थकीत पगाराची तडजोड : आधी हिशेब, मग सही

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले वसाहत आणि उद्यमनगरातील कामगार बंधू-भगिनींनो,

थकलेल्या पगाराचा किंवा ओव्हरटाइमचा दावा लावला, की मालकाकडून निरोप येतो, 'मिटवून टाकू.' जरूर मिटवा. तारखेपायी बुडणारा रोज कुणी भरून देत नाही. पण हिशेब झाल्याशिवाय सही करू नका.

ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. समजा, आठ तासांचा रोज ६०० रुपये. म्हणजे तासाला ७५ आणि जादा तासाला १५०. फाउंड्रीत रोज दोन तास जादा थांबूनही साधाच दर हाती पडला, तर २६ दिवसांत ३,९०० रुपये बुडाले, वर्षात ४६,८००. हा आकडा खिशात असला, की 'दहा हजार घे आणि विषय संपव' याचा अर्थ नीट कळतो. हजेरी कार्ड, पगारचिठ्ठ्या, पासबुक, ठेकेदाराचे व्हॉट्सअ‍ॅप निरोप जपून ठेवा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या वेतन संहितेत दाव्याची मुदत तीन वर्षे आहे.

वकील परवडत नाही म्हणून गप्प बसू नका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने औद्योगिक कामगाराला, उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळतो. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. 'हायकोर्टात ओढतो, मुंबईच्या वाऱ्या कर' ही धमकीही आता जुनी झाली. ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे!

तडजोड लोक अदालतीत नोंदवली, तर तिला दिवाणी हुकूमनाम्याचे बळ येते आणि पैसे थकले तर वसुली करता येते. मात्र त्या निवाड्यावर अपील नाही. म्हणून कागद घरी वाचून दाखवा, वकिलाला दाखवा. 'आता कोणतेही येणे बाकी नाही' या एका ओळीत ग्रॅच्युइटीही गेली का? मधेच राजीनामा घुसवला आहे का? हप्ते ठरले असतील, तर तारखा लिहून घ्या आणि एक हप्ता चुकला तरी सगळी रक्कम एकदम देय होईल, असे कलम घाला. कोऱ्या कागदावर सही तर नाहीच.

कारखानदारांनाही विनंती. मोठ्या कंपनीकडे तुमचे बिल अडकते, ही अडचण खरी आहे. पण तिचा भार कामगाराच्या पगारावर का? पुढच्या राष्ट्रीय लोक अदालतीआधी हजेरीपट घेऊन कामगारासमोर बसा आणि जादा तास दोघे मिळून मोजा.