पिकू द्यायचे ते पीक, डोळा नव्हे



उंब्रजच्या एका अंगाला कृष्णा-तारळीच्या पाण्यावरचा ऊस आहे. पूर्वेला मसूर ओलांडून खटाव-माणाकडे निघाले की आभाळाकडे बघून शाळू पेरणारा मुलूख लागतो. दोन्हीकडच्या वस्त्यांवर एक चित्र मात्र सारखेच दिसते. ओसरीवर बसलेली म्हातारी कपाळावर आडवा हात धरते आणि विचारते, "कोण आलं रं?" घरच्यांना विचारावे तर उत्तर ठरलेले, "मोतीबिंदू हाय, अजून पिकला न्हाई."

गेल्या बैठकीत आम्ही विचारले, असे माणूस कोणाकोणाच्या घरी आहे? हात भराभर वर गेले. म्हणून या वेळचा अग्रलेख भावाचा नाही, पाण्याचा नाही, डोळ्याचा आहे.

'पिकला न्हाई' हे वाक्य एके काळी खरे होते. तेव्हा डोळ्यातले नैसर्गिक भिंग काढून टाकत, माणूस बरेच दिवस उताणा निजून राही आणि उरलेले आयुष्य बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा लावी. त्यामुळे दिसेनासे होईपर्यंत थांबणेच शहाणपणाचे होते. १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले या डॉक्टरांनी डोळ्यात कृत्रिम भिंग बसवून दाखवले. ते आपल्यापर्यंत यायला चाळीस वर्षे गेली, कारण परदेशी भिंगाची किंमत गरिबाला झेपणारी नव्हती. १९९२ साली मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाशी जोडलेल्या कारखान्यात भिंगे तयार होऊ लागली आणि किंमत कोसळली. आज शस्त्रक्रिया थोड्या मिनिटांची आहे, बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. कामात अडथळा येऊ लागला की ती करावी. फार पिकू दिला तर मोतीबिंदू दगडासारखा कठीण होतो, कधी डोळ्यातला दाब वाढतो, आणि दाबाने गेलेली नजर कोणतेही भिंग परत आणत नाही.

मग पैशाचे काय? इथे विम्याचा हिशेब समजून घेतला पाहिजे. पीकविमा आपल्याला ठाऊक आहे. गारपीट होईल किंवा होणार नाही, या अनिश्चिततेवर विमा चालतो. मोतीबिंदू मात्र केस पिकावेत तसा वयाबरोबर येतो. जे येणार हे जवळजवळ ठरलेले आहे, त्यात कंपनीला धंदा दिसत नाही. 'आरोग्य संजीवनी' ही २०२० साली नियामकाने सर्व कंपन्यांसाठी ठरवून दिलेली पॉलिसी पाहा. मोतीबिंदूसाठी त्यात चोवीस महिने थांबायचे, आणि नंतरही एका डोळ्यामागे विमा रकमेचा चौथा हिस्सा किंवा ४० हजार रुपये, यांतले जे कमी तेवढेच मिळायचे. सत्तरीच्या कोरडवाहू शेतकऱ्याने हा विमा विकत घ्यावा असे कोणी सुचवत असेल तर त्याने हप्ताही सांगावा.

म्हणून हा खर्च सरकारी तिजोरीचाच आहे. ही मेहरबानी नव्हे. या म्हाताऱ्यांनी डिझेलच्या लिटरमागे, खताच्या गोणीमागे आणि फवारणीच्या डब्यामागे आयुष्यभर कर भरलेला आहे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. १९९४ ते २००२ या काळात जागतिक बँकेच्या कर्जातून सात राज्यांत मोतीबिंदूचा प्रकल्प चालला, त्यात महाराष्ट्र होता. २०१२ साली राज्यात जीवनदायी आरोग्य योजना आली, तिलाच पुढे महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. तिच्यात पिवळे आणि केशरी कार्डवाले होते. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्याला घेतले ते विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा जिल्ह्यांत. तिथल्या कापूसवाल्या भावांना मिळाले याचा आनंदच आहे. पण माण, खटाव, जत, आटपाडीचा दुष्काळ त्या यादीत बसला नाही. कार्डाची ही अट २०२३ च्या शासन निर्णयाने काढली आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांचे संरक्षण ठरवले. २९ ऑक्टोबर २०२४ पासून केंद्राने सत्तर वर्षांवरच्या सर्वांना, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड देऊ केले.

इतके सगळे असून २०१५ ते २०१९ च्या राष्ट्रीय पाहणीत काय दिसले? पन्नाशीपुढच्या अंधांपैकी ६६.२ टक्क्यांचे अंधत्व उपचार न झालेल्या मोतीबिंदूमुळे होते. म्हणजे दर तीन अंधांमागे दोघांना दिसू शकले असते.

असे का होते, हे शेतकऱ्याच्या वहीत लिहिलेले आहे. तपासणीची एक खेप. रक्त, साखर, रक्तदाब पाहायला दुसरी. शस्त्रक्रियेची तिसरी. पट्टी सोडायला चौथी, आणि नंतर दाखवायला आणखी दोन. वस्तीवरून कराड किंवा साताऱ्याला जायचे तर प्रत्येक खेपेला गाडीभाडे आणि सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. योजना टेबलावरच्या मिनिटांचे पैसे भरते. वस्तीपासून टेबलापर्यंतचा रस्ता तिच्या हिशेबात नाही.

त्यात कागद. सत्तरीचा पुरावा आधारवर, आणि आधारवरची जन्मतारीख पुष्कळांची अंदाजाने घातलेली १ जानेवारी. खुरपे धरून बोटांचे ठसे झिजलेले, डोळा झाकोळलेला, मोबाईल मुलाच्या नावावर आणि मुलगा पुण्यात. ज्या डोळ्यासाठी कार्ड काढायचे तो डोळाच यंत्राला ओळखू येत नाही!

पण सगळा दोष सरकारच्या माथी मारून आम्ही मोकळे होणार नाही. आपल्या घरात म्हातारीचा डोळा नेहमी शेवटच्या रांगेत असतो. आधी वेचणी, मग शाळूची काढणी, मग मळणी, मग लग्नसराई. बापाचा डोळा होतो, आईचा पुढच्या वर्षावर जातो. शस्त्रक्रिया थंडीतच करावी हा समजही सोडावा. ऋतूचा तिच्याशी संबंध नाही. आणि न दिसणाऱ्या माणसाचा खर्च आपण मोजतच नाही. तिला सांभाळायला सून घरी थांबते किंवा नातीची शाळा बुडते. जी म्हातारी धान्य निवडते, शेरडे राखते, नातवंडे सांभाळते, तिची मजुरी कोणी लिहून ठेवली नाही म्हणून ती शून्य होत नाही.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. शस्त्रक्रियेच्या पॅकेजात रुग्ण आणि सोबत्याचे जाण्यायेण्याचे भाडे धरावे. राज्यांना काही शस्त्रक्रिया सरकारी दवाखान्यांपुरत्या राखून ठेवता येतात. तर मोतीबिंदू कुठे, कोणत्या योजनेत होईल याची पाटी प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर मराठीत लावावी. कार्ड काढणारा माणूस यंत्र घेऊन वस्तीवर यावा. शिबिर तपासणीचे असावे, शस्त्रक्रिया मात्र दवाखान्याच्या थिएटरातच व्हावी. नोव्हेंबर २०२१ मध्ये बिहारातल्या मुझफ्फरपूरला एका शिबिरानंतर जंतुसंसर्गाने अनेकांचे डोळे काढावे लागले, ते विसरून चालणार नाही.

आणि आपले काम. सत्तरी भरायची वाट पाहू नका. सरकारी दवाखान्यात ही शस्त्रक्रिया अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातून मोफत होते, त्यासाठी वयाची अट नाही. खासगी दवाखान्यात जायचे तर आधी तिथल्या आरोग्यमित्राला भेटा किंवा १५५३८८ वर विचारा. पैसे भरून मग भांडू नका. शस्त्रक्रियेनंतर काही आठवडे थेंब वेळेवर घाला, डोळ्यात पाणी जाऊ देऊ नका, खळ्यावरच्या धुळीत पाठवू नका.

पाडव्यापासून रोहिणीपर्यंत रानात काम कमी असते. त्याआधीच्या बैठकीला येताना प्रत्येकाने आपल्या वस्तीवरच्या अशा म्हाताऱ्यांची यादी आणावी. पाच-सहा जणांमागे एक गाडी आणि एक सोबती पुरेल, आणि भाडे वाटून घेता येईल. यादीत बायकांची नावे आधी लिहावीत.

शाळू पिकला की आपण एक दिवस थांबत नाही, पाखरे खातील म्हणून. आईच्या डोळ्यासाठी किती वर्षे थांबलो, हे ज्याने त्याने मोजून यावे.